जाहिरातीतले देश आणि फोनमधली रेंज

आमच्या घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. गाव नेवासे तालुक्यात, नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर. पण बाजाराला येणाऱ्या म्हशी दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात. येथे गिऱ्हाईक म्हशीचे दात पाहते, तिला चार पावले चालवून पाहते, कासेला हात लावते आणि शक्य झाल्यास धार काढून पाहते. दोन वेळचे दूध न काढता कास फुगवून आणलेली म्हैस या बाजाराला नवी नाही. साहजिकच विकणारा तोंडाने काय सांगतो याकडे जाणते गिऱ्हाईक फारसे लक्ष देत नाही. डोळ्यांना व हातांना जे पटते त्याचेच ते पैसे मोजते.

गेल्या वर्षी याच गावातील एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांनी एक वस्तू विकत घेतली. तिचे दात पाहण्याची सोय नव्हती आणि धार काढून पाहण्याचीही नव्हती. ती वस्तू म्हणजे एका मोबाइल कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी गुरुजी आणि बाई अमेरिकेला निघाले होते. दोघांनीही आयुष्यात प्रथमच विमानात पाऊल ठेवले. एकशे ऐंशीहून अधिक देशांत आपला नंबर आपल्यासोबत, अशी जाहिरात त्यांनी वाचली होती. दुकानातील मुलाने छातीठोक सांगितले, “गुरुजी, अमेरिकेत काय, कुठेही जा, रेंज जाणार नाही.” गुरुजींनी साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम भरली व निश्चिंत झाले.

शिकागोच्या विमानतळावर फोनच्या पडद्यावर रेंज दिसत होती, पण फोन लागत नव्हता. जावई बर्फामुळे वाटेत अडकले होते. ते सांगण्याचे साधन जावयांकडे होते, ऐकण्याचे साधन गुरुजींकडे नव्हते. दीड तासाने एका अनोळखी सद्गृहस्थांच्या फोनवरून मुलीशी बोलणे झाले. मुलीचे गाव तेथून तीन तासांवर, शेतीच्या मुलखात. तेथे तर रेंजही दिसेना. याला गैरसोय म्हणून सोडून देता आले असते. परंतु तिसऱ्या आठवड्यात गुरुजींच्या धाकट्या भावाला नगरच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. पैसे गुरुजींच्या खात्यात होते. मुलीच्या घरच्या इंटरनेटवरून बँकेचे संकेतस्थळ उघडत होते, रक्कमही भरता येत होती. मात्र शेवटी येणारा ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो नंबर एकशे ऐंशी देशांपैकी कोणत्याच देशात नसल्यासारखा मुका झाला होता. अखेर येथे आम्ही चौघांनी मिळून अनामत रक्कम भरली.

परत आल्यावर गुरुजींनी तक्रार केली. उत्तरे दोन आली. पहिले : परदेशातील भागीदार नेटवर्कची उपलब्धता आमच्या नियंत्रणात नाही. दुसरे : आपला हँडसेट त्या देशातील सेवेशी सुसंगत नाही. दोन्ही गोष्टी अटींमध्ये नमूद आहेत, असेही कळविण्यात आले. अटी होत्या खऱ्या. जाहिरात मराठीत होती व अटी इंग्रजीत होत्या, एवढेच.

ही दोन्ही उत्तरे तांत्रिक दृष्ट्या खरी आहेत, हे मी मान्य करतो. माझी तक्रार नेमकी तेथूनच सुरू होते. जी गोष्ट विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होती, ती घेणाऱ्याला पैसे गेल्यानंतर कळली.

रोमिंग म्हणजे काय, हे आधी पाहू. काही अपवाद वगळता आपल्या कंपनीचा परदेशात एकही टॉवर नसतो. ती तेथील एखाद्या कंपनीशी करार करते. आपला फोन त्या कंपनीच्या टॉवरला चिकटतो, ती कंपनी वापराचा हिशेब ठेवते व घाऊक दराने त्याचे बिल आपल्या कंपनीकडे पाठवते. आपली कंपनी ते किरकोळ दराने आपल्याला विकते. म्हणजे जाहिरातीत “अमुक देशात सेवा” असे म्हटले जाते तेव्हा त्याचा शब्दशः अर्थ “अमुक देशातील किमान एका कंपनीशी आमचा करार आहे” इतकाच असतो. त्या देशात तीन कंपन्या असल्या आणि करार तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीशी असला, तरी देश मोजला जातो. करार केवळ बोलण्यापुरता असला व इंटरनेटचा नसला, तरीही पुष्कळदा देश मोजला जातो. राजधानीपलीकडे त्या कंपनीचे टॉवर विरळ असले, म्हणून कोणी अर्धा देश मोजत नाही.

देशांच्या मोजणीचीही एक गंमत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश आहेत १९३. कंपन्यांच्या याद्या पाहिल्या तर त्यांत जर्सी, ग्वर्नसे, फेरो बेटे, रियुनियन, प्वेर्तो रिको, हाँगकाँग, मकाव ही नावे स्वतंत्रपणे मोजलेली आढळतात. यांपैकी एकही सार्वभौम देश नाही. दूरसंचाराच्या हिशेबात त्यांना वेगळे स्थान आहे, हे खरे. पण जाहिरात वाचणारा मनुष्य देश म्हणजे देश असेच समजतो. भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात असे मोजले असते तर शिक्षणाधिकाऱ्यांनी खुलासा मागितला असता.

आता गुरुजींचा फोन शिकागोत रेंज असून का लागला नाही, ते पाहू. अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एका वर्षात आपली ३जी सेवा बंद केली. त्यामुळे तेथे बोलण्यासाठीही बहुतांशी ४जीवरून बोलण्याची सोय लागते. ती सोय फोनमध्ये हवी, भागीदार कंपनीकडे हवी आणि दोन्ही कंपन्यांच्या करारात तिचा समावेशही हवा. तिन्हींपैकी एक कडी तुटली की पडद्यावर रेंज दिसते व बोलणे होत नाही. ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये ३जी बंद केली. सिंगापूरने २जी २०१७ मध्येच बंद केली होती. जगाचा नकाशा तोच राहिला, त्यावरील तंत्रज्ञान मात्र दर वर्षी बदलत आहे. जाहिरातीतील देशांचा आकडा मात्र वाढताच असतो. तो कधी कमी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मुलीच्या गावी रेंज का नव्हती, याचे उत्तर याहून सोपे आहे : भागीदार कंपनीचा टॉवर तेथे नव्हता. पण तो आहे की नाही हे भारतातील कंपनी कशावरून ठरवते? भागीदाराच्या नकाशावरून. आणि तो नकाशा किती भरवशाचा असतो? अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने ग्रामीण भागासाठी अनुदान वाटण्यापूर्वी कंपन्यांचे नकाशे तपासावयाचे ठरवले. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी सुमारे दहा हजार मैल गाड्या हाकून प्रत्यक्ष मोजणी केली. डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे, नकाशात दाखवलेला किमान वेग प्रत्यक्षात जेमतेम बासष्ट टक्के वेळा मिळाला. व्हेरिझॉन, टी-मोबाइल व यू. एस. सेल्युलर या कंपन्यांचे नकाशे अनेक ठिकाणी वस्तुस्थितीपेक्षा मोठे असल्याचे त्यात म्हटले होते. ऑस्ट्रेलियात मे २०२५ मध्ये व्होडाफोनने टेल्स्ट्रा या सर्वांत मोठ्या कंपनीवर असाच आरोप केला : व्याप्तीचा आकडा सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरने फुगवलेला आहे, कारण तो बाहेर जोडायचा जादा अँटेना गृहीत धरून काढलेला आहे. प्रतिस्पर्ध्याचा आरोप म्हणून त्यातून थोडे वजा करावे. तरीही जादा अँटेना लावून मोजलेली रेंज खिशातल्या फोनला मिळत नाही, हे सांगण्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही.

म्हणजे मूळ कंपनीचाच दावा फुगलेला, त्यावर आपली कंपनी देशाचा शिक्का मारणार, त्यावर दुकानातला मुलगा “कुठेही जा” म्हणणार. प्रत्येक टप्प्यावर दाव्यात थोडी भर पडत जाते आणि जबाबदारी तेवढ्याच प्रमाणात पातळ होत जाते.

एके काळी परदेशी फोन करणे ही केवढी यातायात होती, हे माझ्या वडिलांच्या पिढीला आठवत असेल. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह केंद्र उभे राहिले व परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणे शक्य झाले. तरी सामान्य माणसाला ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळावे लागे. त्या सरकारी मक्तेदारीचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. फोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत कुजलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पण “लाइन मिळत नाही” हे वाक्य तेव्हाची ऑपरेटर बाई स्वतःच्या तोंडाने, तेव्हाच्या तेव्हा सांगत असे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार परिचित आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचे दोष माहीत असतात व घेणाऱ्याला नसतात, अशा बाजारात काय घडते हा त्याचा विषय. तीन नियतकालिकांनी तो निबंध नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तो प्रसिद्ध होण्यापूर्वी अकरलॉफ वर्षभर भारतात राहून गेले होते, आणि तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडीत बसणारी आपली गृहिणी त्या निबंधात हजेरी लावून जाते, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. निबंधाचा निष्कर्ष असा की, घेणाऱ्याला चांगल्या-वाईटातील फरक ओळखता येत नसेल तर चांगला माल विकणाऱ्याला त्याची किंमत मिळत नाही व हळूहळू तो बाजारातून बाहेर पडतो. रोमिंगच्या बाबतीत हेच होत आहे. एखाद्या कंपनीने उद्या प्रामाणिकपणे “आमची सेवा चाळीस देशांत खरोखर चांगली आहे, उरलेल्यांची खात्री नाही” असे छापले, तर तिचा पॅक कोण घेईल? शेजारच्या फलकावर १८९ हा आकडा झळकत असताना प्रामाणिक कंपनीला खोटे बोलणे भाग पडते.

यावर माझे काही व्यवसायबंधू म्हणतील की स्पर्धा आपोआप दोष दुरुस्त करील. घोडेगावच्या बाजारात ती करते, हे मला मान्य आहे. फुगवलेली म्हैस विकणाऱ्या व्यापाऱ्याला पुढच्या शुक्रवारी पुन्हा याच बाजारात उभे राहायचे असते, आणि फसलेला शेतकरी चारचौघांत त्याचे नाव घेऊन बोलत असतो. परदेशी जाणारा सामान्य मनुष्य मात्र पाच-दहा वर्षांतून एकदा जातो. एकदा घेतलेल्या अनुभवाचा त्याला दुसऱ्यांदा उपयोग नसतो, आणि तो बोलला तरी पुढचे गिऱ्हाईक वेगळ्या देशात, वेगळ्या गावी जाणार असते. जे वारंवार जातात त्यांना तेथील सिमकार्ड घेणे, इ-सिम बसवणे, वाय-फायवरून बोलणे हे सारे मार्ग ठाऊक आहेत. जाहिरातीवर विसंबतो तो पहिल्यांदा जाणारा, वयस्क, इंग्रजी बेताचे असलेला माणूस. बाळंतपणाला निघालेली आई, हजला निघालेले वृद्ध जोडपे, आखातात कामाला निघालेला गवंडी. सर्वांत कमी माहिती ज्याला आहे, त्याच्याकडूनच सर्वांत खात्रीने पैसे मिळतात, असा हा बाजार आहे.

शिवाय रोमिंग आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बँक, आधार, निवृत्तिवेतन हे सर्व एका मोबाइल नंबरला बांधण्याचे धोरण शासनाने व बँकांनी स्वीकारले. धोरणाला माझा विरोध नाही. पण ज्या नंबरवर माणसाची सारी मिळकत टांगलेली आहे, तो परदेशात चालेल की नाही हे सांगण्याचे काम जाहिरात लिहिणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

कायद्याची स्थिती पूर्वीइतकी निराशाजनक नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला होता की दूरध्वनीविषयक वाद जुन्या टेलिग्राफ कायद्याखालील लवादापुढे न्यावेत, ग्राहक मंचापुढे नव्हे. त्या एका निर्णयाने पुढची बारातेरा वर्षे मोबाइलच्या ग्राहकाला जवळजवळ निराधार केले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्धची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, ही तरतूद तर शिक्षित वर्गालाही फारशी माहीत नाही. याउलट दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, व्यक्तिगत तक्रारी ऐकतच नाही. आणि कंपनीतील अपील अधिकारी कंपनीचाच असतो.

त्याच कायद्याखाली जून २०२२ मध्ये जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. खुलाशाची टीप मूळ दाव्याच्याच भाषेत व तशाच टंकात असावी, आणि टिपेने मूळ दावा खोडून काढू नये, असे त्यांत म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडो या कंपनीला दहा लाख रुपये दंड केला. पाच मिनिटांत रिक्षा, नाही तर पन्नास रुपये, असे कंपनीचे अभिवचन होते. प्रत्यक्षात रुपयांऐवजी कंपनीची “कॉइन” मिळत, तीही “पन्नासपर्यंत”, सात दिवसांत व फक्त दुचाकीच्या फेरीसाठी वापरता येणारी. आणि हे सारे वाचता न येणाऱ्या अक्षरांत. पाच मिनिटांच्या रिक्षेला जो न्याय लागू झाला, तो तीन आठवडे मुक्या पडलेल्या फोनला का लागू होऊ नये?

ट्रायनेही एक चांगले पाऊल उचलले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या सेवागुणवत्तेच्या नियमांनी कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे तंत्रज्ञानवार नकाशे संकेतस्थळावर देणे भाग पडले. घोडेगावच्या कोणत्या वस्तीवर कोणाचे ४जी पोहोचते, हे आता निदान तपासता येते. पण हा नकाशा देशाच्या सीमेवर संपतो. सीमेपलीकडे नियामकाची फूटपट्टी जात नाही आणि रोमिंगचे दरही कंपन्यांवरच सोडलेले आहेत. युरोपने या बाबतीत वेगळा मार्ग धरला. २००७ पासून त्यांनी रोमिंगच्या दरांवर मर्यादा घातल्या, १५ जून २०१७ पासून जादा आकारच बंद केला, आणि जुलै २०२२ पासून परदेशात मिळणाऱ्या सेवेच्या दर्जाची माहिती करारात देणे सक्तीचे केले. युरोपला सामायिक कायदा करणारी संस्था आहे, आपल्याला आणि अमेरिकेला नाही. म्हणून दरांच्या बाबतीत त्यांचे अनुकरण आपल्याला सहज जमणार नाही. माहिती देण्याच्या सक्तीला मात्र कोणत्याही परराष्ट्राची संमती लागत नाही. विकणारी कंपनी भारतात आहे, गिऱ्हाईक भारतात आहे, पैसेही येथेच दिले जातात.

म्हणून देशांचा एकत्रित आकडा जाहिरातीतून काढूनच टाकावा, असे मला वाटते. त्याऐवजी गिऱ्हाईक ज्या देशात जाणार आहे त्या देशातील भागीदार कंपनीचे नाव, तिचे तंत्रज्ञान, बोलणे आणि इंटरनेट यांपैकी काय चालेल, आणि गिऱ्हाइकाच्या हातात असलेल्या फोनवर ते चालेल का, हे पैसे घेण्यापूर्वी, मराठीत, सांगणे सक्तीचे करावे. फोन कोणता आहे हे कंपनीला आपल्या नेटवर्कवरून कळत असते; तेव्हा “हँडसेट सुसंगत नाही” हे उत्तर देण्यासाठी गिऱ्हाइकाला अमेरिकेपर्यंत पाठवण्याचे कारण नाही.

दुसरी सूचना पैशांची. परदेशात फोन वापरला गेला की नाही याची नोंद भागीदार कंपनी आपल्या कंपनीकडे पाठवतेच, कारण त्यावरच तिला पैसे मिळतात. म्हणजे पॅक शून्य वापरला गेला, हे विक्रेत्याला ग्राहकाच्या आधी कळते. अशा वेळी तक्रारीची वाट न पाहता रक्कम परत करण्याचा नियम का नसावा? काही लोक फोन बंद ठेवून पैसे परत मागतील, अशी शंका यावर घेतली जाईल. घेवोत बापडे. घाऊक बिल सामान्यतः वापरावर येते. वापरच झाला नसेल तर कंपनीच्या खिशातून काय गेले? उलट असा नियम झाला तर ज्या देशात रेंज नाही त्या देशाचा पॅक विकण्यात कंपनीला काही राम उरणार नाही, आणि यादी आपोआप खऱ्या आकड्यावर येईल.

गुरुजींनी नगरला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. रक्कम परत मिळावी एवढीच त्यांची मागणी होती. भावाच्या आजारपणाचा उल्लेख त्यांनी संकोचाने टाळला होता, तो आम्ही आग्रहाने घालायला लावला. सोबत जाहिरातीचे कात्रण व अटींची मुद्रित प्रत जोडली आहे. अटींतील अक्षर वाचण्यासाठी आमच्या ग्रंथपालांनी भिंग आणून दिले. पहिल्या तारखेला गुरुजी सकाळच्या एस.टी.ने पस्तीसेक किलोमीटर जाऊन वेळेवर हजर होते. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागून घेतली.